पावसाच्या वहीतला कोरा रकाना

पोळा आठवड्यावर आला की आर्वीच्या बाजारात लाकडी बैल येतात. चार चाकांवर उभे, पांढरे रंगवलेले, शिंगं लाल, पाठीवर पिवळ्या रंगाची झूल काढलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं दोरीने ओढत नेतात ते हे बैल. कचेरीतून घरी जाताना मी दर वर्षी त्या रांगेपाशी थांबतो. घ्यायचं काही नसतं. आमची सुषमा आता सोळा वर्षांची झाली. तिचा बैल माळ्यावर आहे, एक चाक निखळलेला. तरी मी सगळे बैल एकदा पाहून घेतो. काल मोजले तेव्हा बावीस होते. त्यांतल्या एकाच्याही गळ्यात केसांची लाल फीत नव्हती. असणार कशी?

हे दिवस मला वासाने कळतात. ओल्या पोत्यांचा वास, अंगणात वाळत टाकलेल्या मुगाच्या शेंगांचा, आणि शेताकडून येणारा निंदलेल्या गवताचा. आभाळ एका बाजूने भरलेलं आणि दुसऱ्या बाजूने ऊन. याच दिवसांत शाळेच्या फळ्यावर एक कागद लागतो: ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी अर्ज भरावेत. त्या कागदासमोर मुलं फार वेळ उभी राहत नाहीत. वाचल्यासारखं करतात आणि निघून जातात.

या वर्षी त्या कागदात आमची सुषमाही आहे. इंग्रजीत गेली.

मी तहसील कचेरीत कारकून आहे. इतर कामांबरोबर पावसाची नोंद माझ्याकडे आहे, तीही सोळा वर्षांपासून. आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचं फाटक उघडायचं, नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. लोकांना वाटतं हे काम पावसाच्या दिवशीचं आहे. तसं नाही. पाऊस नसला तरी जायचं, वाकायचं, बाटली पाहायची. काही नसेल तर रकान्यात शून्य काढत नाहीत, आडवी रेघही मारत नाहीत. लिहायचं, निरंक.

मी नवीन होतो तेव्हा आमच्या बडे बाबूंनी हे मला समजावलं होतं. “रकाना कोरा सोडू नको. कोरा म्हणजे कोणी पाहिलंच नाही. निरंक म्हणजे पाहिलं, अन् नव्हतं.” मला हे लगेच पटलं. माझ्या वह्यांमध्ये कोरा रकाना नाही. म्हणजे एकच आहे. तो अकरा वर्षांपूर्वीचा आहे, पोळ्याच्या तीन दिवस आधीचा.

अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची परीक्षा सुरू झाली, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. माझी थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, रोहण्याला दिलेली. घरची शेती, भाऊजी कष्टाळू माणूस. त्यांची मुलगी कुंदा हुशार म्हणून तिला दहावीसाठी आमच्याकडे आर्वीला ठेवलेली. उंच, सडपातळ, दोन वेण्या लाल फितींनी वर बांधलेल्या. बोलायला लागली की थांबायची नाही. माझी बायको म्हणायची, “इच्या बोलन्याले पूर्णविराम नाई.” सुषमा तेव्हा पाच वर्षांची, कुंदाच्या मागे मागे फिरायची.

गणित मी शिकवायचो. रोज एक तास, पाढ्यांपासून. जूनमध्ये निकाल लागला, पास व्हायचं सहा गुणांनी हुकलं, आणि हुकलं ते गणितातच. बाकी सगळ्या विषयांत ती बरी होती. मी गुणपत्रिकेची बेरीज तीन वेळा केली. बेरीज बरोबर होती.

त्या दिवशी संध्याकाळी ताई-भाऊजी आले. कुंदा आतल्या खोलीत होती. ओसरीवर आम्ही चौघांनी हलक्या आवाजात ठरवलं, की तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. कोणी रागवायचं नाही, कोणी टोमणा मारायचा नाही, रडलेलं पाहिलं तरी पाहिल्यासारखं करायचं नाही. ऑक्टोबर आहेच. भाऊजी म्हणाले, “बोलून बोलून घाव नोको ताजा करू. आपोआप भरते.” आम्हाला सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मनापासून वाटलं. आमच्या लोकांत प्रेम करायची ही एक रीत आहे, गप्प राहायची.

मी त्याला एक तक्ता जोडला. आखीव कागद घेतला, पट्टीने रकाने पाडले. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत सहा तास गणित, एक तास इतर. तो तिच्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवला. ती बसायची. वही उघडी असायची. पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

आता मागे वळून पाहिलं की आकडे सगळे दिसतात, आणि तेव्हाही ते माझ्यासमोरच होते. ती आधी चार पोळ्या खायची. जुलैत दोन झाल्या. नागपंचमीला पुरणाचं एकच दिंड, तेही अर्धं सुषमाच्या ताटात. पहाटे मी उठायचो तेव्हा ती जागी असायची. मला वाटायचं अभ्यासाला उठली. बायको एकदा म्हणाली, “पोरगी बोलत नाई आजकाल.” मी म्हणालो, “अभ्यास करून राह्यली.” इतकंच.

आणि मग तिने वस्तू आवरायला सुरुवात केली.

श्रावणात एक दिवस ती मैत्रिणीची कंपासपेटी परत देऊन आली. मग शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक, ज्याची मुदत अजून नऊ दिवस होती. मग वह्या एकावर एक रचून, सुतळीने बांधून, शेजारच्या मुलीला देऊन टाकल्या. कपड्यांची ट्रंक रिकामी करून पुसली. बांगड्या माझ्या बायकोला दिल्या, “मामी, मले मोठ्या होते ह्या,” म्हणून. मी हे सगळं पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं. हे मला लिहायचंच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मला बरं वाटत होतं. मी स्वतः वस्तू जिथल्या तिथे ठेवणारा माणूस. मुलगी शेवटी वळणावर आली, असं मी बायकोला म्हणालो. दुसरा एखादा वेंधळा मामा असता तर तो कदाचित घाबरला असता.

पोळ्यासाठी ती रोहण्याला जायला निघाली तेव्हा मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. सुषमा माझ्या बोटाला. कुंदाने एका वेणीची लाल फीत सोडली आणि सुषमाच्या हातात ठेवली.

“तुह्या बैलाच्या गळ्यात बांधजो तान्ह्या पोळ्याले.”

“अन् तू?” सुषमाने विचारलं.

“मले नाई लागत आता.”

मी म्हणालो, “शाब्बास. सगळं आवरून चालली, असं पाहिजे.”

गाडी सुटली. तिने खिडकीतून हात हलवला की नाही ते मला आठवत नाही. मी घड्याळ पाहिलं होतं. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली होती.

रोहण्याला त्या दिवसांत निंदण चाललेलं. पोळ्याच्या आत निंदण उरकायचं अशी घाई असते. बाया आळीपाळीने एकमेकींच्या शेतात जातात. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आलेली, ओळींमधल्या तासांत गवत. प्रत्येकीच्या वाट्याला दोन तासं येतात, त्याला पात म्हणतात. सगळ्या एका ओळीत धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, बसतात आणि खुरप्याने निंदत पुढे सरकतात. गप्पा चालू, थट्टा चालू, ओळ मात्र सरळ. एखादीची पात मागे पडली तर शेजारची तिला हाक मारत नाही, टोचून बोलत नाही. आपल्या पातीतून हात लांब करून तिच्या पातीतलं चार हात गवत काढून टाकते, दुसऱ्या बाजूची तसंच करते, आणि मागे राहिलेली पुन्हा ओळीत येते. मी लहानपणी आईबरोबर हे शंभर वेळा पाहिलेलं. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

कुंदा ताईबरोबर निंदायला गेली. तिच्या शेजारच्या पातीवर कौसाबाई होती. कौसाबाई म्हणजे ताईच्या शेजारची, पन्नाशीची, दोन एकरांची मालकीण, तोंडाने फटकळ. ती आमच्या ताईला “मास्तरीन” म्हणायची, कारण ताई चौथी शिकलेली.

पुढचं मी कौसाबाईकडून आणि नंतर कुंदाकडूनही ऐकलं. दोघींचं सांगणं जुळतं.

कुंदाची पात सकाळपासून मागे पडत होती. कौसाबाईने दोनदा हात लांब करून ती ओळीत आणली. तिसऱ्यांदा आणली तेव्हा कुंदा खुरपं खाली ठेवून म्हणाली, “मावशी, माही पात तुमीच घेऊन टाका. मले नाई लागत आता.”

मले नाई लागत आता. बसस्टँडवर हेच शब्द मी ऐकले होते आणि शाब्बास म्हणालो होतो.

कौसाबाई थांबली. भर दुपारी पात कोणी देऊन टाकत नाही. थकलेली बाई बसते, पाणी पिते, शिव्या घालते, घरी जाते म्हणते. पात देऊन टाकत नाही. कौसाबाईने आपलंही खुरपं ठेवलं. ओळ पुढे जाऊ दिली. मग कुंदाच्या समोर मातीत फतकल मारून बसली आणि विचारलं,

“कुंदे, माह्याकडे पाह्य. मराचं मनात येते काय तुह्या?”

कुंदा मला नंतर म्हणाली, “मामा, जून महिन्यापासून कोनी मले एक सरळ प्रश्न इचारला नव्हता. तो पहिला होता.”

ती हो म्हणाली. मग रडली. कौसाबाईने तिचा हात सोडला नाही, उगी म्हटलं नाही, समजूत घातली नाही. कधीपासून, ते विचारलं. ऐकत राहिली. ओळ पुढे जाऊन परत आली तरी दोघी तिथेच होत्या. तेव्हा तिने ताईला बोलावलं आणि कुंदाच्या समोरच सगळं सांगितलं. पाठीमागे नाही. त्या दिवशी, त्या रात्री ताई आणि कौसाबाई तिच्या दोन बाजूंना होत्या. घरात जे जे कुलपात ठेवण्यासारखं होतं ते कौसाबाईने सकाळ व्हायच्या आत आपल्या घरी नेऊन, कुलूप घालून, किल्ली कमरेला लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्जन्यमापकाच्या कुंपणात होतो. बाटलीतलं पाणी मापात ओतलं होतं. डोळा रेषेत आणत होतो, तेवढ्यात फाटकाशी आवाज आला. “भाऊ.” कौसाबाई होती. मागे कचेरीच्या पायरीवर ताई, आणि ताईच्या खांद्याला टेकलेली कुंदा. एकाच वेणीला फीत.

कौसाबाईने उभ्या उभ्या सांगितलं. चार वाक्यांत. माझ्या हातात माप तसंच होतं. आणि मी, मला वाटतं घाबरल्यामुळेच, तिच्यावर चिडलो.

“असं इचारते काय कोनी लेकराले? डोक्यात नसन तर येईन न!”

ती चिडली नाही. तारेवर हात ठेवून म्हणाली, “भाऊ, तुमी आकड्याचे मानूस. हिशेब करा. माह्या मनात आलं ते चुकीचं असतं, तर पोरगी हासली असती माह्यावर. म्हनली असती, बह्याड झाली काय मावशी. मी म्हनलं असतं, चुकलं माय, माफ कर. अन् निंदाले लागलो असतो दोघी. काय गेलं असतं?”

मी हातातल्या मापाकडे पाहिलं.

“अन् बरोबर असतं, अन् म्या इचारलं नसतं, तर?”

त्या हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. मी तिला विचारलं, तुम्हाला हे कसं सुचलं. ती तिकडे, पायरीकडे पाहत म्हणाली, “माह्या धाकट्या बहिनीले कोनी इचारलं नव्हतं.” मग लगेच आवाज बदलून, “ते पानी फेका न आता, भाऊ. डाक्टरकडे चाला.”

मी पाणी फेकलं. आकडा पाहिला होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. साहेबांना तोंडी सांगून निघालो. त्या दिवसाचा रकाना कोरा आहे. नंतर अंदाजाने भरता आला असता, आजूबाजूच्या तालुक्यांचे आकडे होते. मी भरला नाही. त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं, ते तसंच राहू दिलं.

वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात, हे मला कचेरीतल्या एकाकडून माहीत होतं. तिथे वेड्यांनाच नेतात असाही माझा समज होता, आणि एसटीत दोन तास मी ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून टोपी पुढे ओढून बसलो होतो. कौसाबाई मात्र कंडक्टरला मोठ्याने म्हणाली, “चार वर्धा. दवाखान्यात चाललो. लेकराले बरं नाई.” साधं. ताप आल्यासारखं.

डॉक्टर तरुण होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी कुंदाला नाव विचारलं, झोप विचारली, भूक विचारली, आणि मग त्याच आवाजात, पाणी हवं का विचारावं तसं, विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” कौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तोच प्रश्न. सहा वर्षं शिकून आलेल्या माणसाचा आणि दोन एकरांच्या बाईचा प्रश्न एकच होता.

कळलं ते असं, की हे निकालापासून नव्हतं. मागच्या थंडीपासून तिला झोप येत नव्हती, वाचलेलं राहत नव्हतं, कशात मन नव्हतं. आम्ही समजत होतो नापास झाली म्हणून खचली. ते इतकं सरळ नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, हिचा दोष नाही आणि तुमचाही नाही, औषध आहे, वेळ लागेल. काही दिवस हिला एकटीला सोडायचं नाही. धोक्याच्या वस्तू घरात हाताशी ठेवायच्या नाहीत. आणि विचारायचं. रोज. लाजायचं नाही. मी विचारलं, रोज विचारून त्रास नाही होणार? ते म्हणाले, “तिलाच विचारा.”

मी कुंदाकडे वळलो. ती म्हणाली, “इचारत जा मामा. तुमी सारे असे हळू हळू बोलत होते न, मले वाटे मी गेलेलीच हाव अन् घरात सुतक चालू आहे.”

ओसरीवर आम्ही चौघांनी जे प्रेमाने ठरवलं होतं, ते तिला आतून असं ऐकू येत होतं.

घरी आल्यावर मी पुन्हा तक्ता केला. सवय. पण या वेळी त्यात तिचे तास नव्हते, आमचे होते. सकाळी मी, मग बायको, दुपारून ताई, जी महिनाभर आर्वीलाच राहिली, संध्याकाळी पुन्हा मी. बुधवारी बाजाराला येणारी कौसाबाई, तिच्यासाठी वेगळा रकाना. जुना तक्ता भिंतीवरून काढला तेव्हा चुन्याचा पोपडा त्याच्याबरोबर आला. नवा तक्ता मी स्वयंपाकघरात लावला. कुंदाने तो वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाली,

“मी काय तुमचं पावसाचं भांडं हाव काय मामा, रोज येऊन वाकून पाहाले?”

जूननंतरची तिची ती पहिली थट्टा. बायकोने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि पदर तोंडाला लावला. हसली की रडली, मी पाहिलं नाही. पोळी करपली.

तान्ह्या पोळ्याला सुषमा बैल घेऊन गल्लीत गेली. गळ्यात लाल फीत. कुंदा ओट्यावर ताईजवळ बसून पाहत होती. मी त्या फितीकडे पाहू शकत नव्हतो.

औषधाने लगेच काही झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. भादवा तसाच गेला, दमट आणि लांब. रोज सकाळी पर्जन्यमापक पाहून आलो की मी चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसायचो आणि विचारायचो. पहिल्या दिवशी विचारलं ते असं. “ते, ते मनात, येते काय?” तीच म्हणाली, “हाव, येते. काल जास्त होतं. आज थोडं कमी.” आठव्या दिवशी मला अडखळायला झालं नाही. काही दिवशी तिचं उत्तर वाईट असायचं. त्या दिवशी मी कचेरीत अर्धी रजा टाकायचो. आम्ही मुगाच्या शेंगा सोलत बसायचो. गणिताचं पुस्तक कोणी उघडायला सांगत नव्हतं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज मी भरलाच नाही, आणि भरला नाही हे तिला सांगितलं तेव्हा तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर ओढलेले होते, हे मला खाली आल्यावर दिसलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी गल्लीतून दोन-तीन मुलं लिहायचा पुठ्ठा आणि शाईची बाटली घेऊन गेली. आम्ही सीताफळं खात बसलो होतो. रोहण्याहून टोपलीभर आली होती. कुंदा बिया मोजून एका वाटीत टाकत होती. मी आमचा रोजचा प्रश्न विचारला. तिने बोटं चाटली आणि म्हणाली,

“निरंक.”

मी ऐकलं नाही असं वाटून तिने पुन्हा म्हटलं, “निरंक हो मामा. तुमच्या वहीत लिहिते न तुमी. तसं.”

आभाळ त्या दिवशी धुतल्यासारखं होतं. पाऊस जिल्ह्यातून निघून गेला होता. मी तसाच बसून राहिलो, हातात सीताफळ, आणि मला श्वास पुरेसा मिळत होता. तेवढंच सांगता येईल. गेले दोन महिने मी अर्ध्या श्वासावर होतो.

नंतरही सगळे दिवस निरंक नव्हते. दिवाळीत चार दिवस वाईट गेले, आम्ही पुन्हा वर्ध्याला गेलो. पण त्यानंतर एक दिवस ती सुषमाजवळ बसली आणि म्हणाली, “सुशे, माही फीत दे वापस.”

सुषमा म्हणाली, “देल्ली न तू मले!”

“देल्ली होती. आता मले लागते.”

सुषमाने भोकाड पसरलं. बैल पोटाशी धरून घरभर रडत फिरली. कुंदा तिच्या मागे, “दे न वं, माही आहे थे.” दोघींची ओढाताण झाली. बैलाचं चाक निखळलं ते तेव्हाच. बायको ओरडली. मी दारात उभा होतो आणि मला वाटत होतं ही भांडणं थांबूच नयेत. मग कुंदा शेजारच्या मुलीकडून वह्यांचा गठ्ठाही मागून आणून बसली. मामीकडून बांगड्या घेतल्या. माझ्या बायकोने त्या डब्यात तशाच ठेवल्या होत्या. सुषमासाठी मी बाजारातून नवी फीत आणली. तिने ती बैलाला बांधली नाही. तिला जुनीच हवी होती.

त्या मार्चमध्ये नाही, त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये कुंदा परीक्षेला बसली आणि पास झाली. गणितात किती पडले ते मला पाठ आहे, पण त्याला आता अर्थ नाही. सध्या ती वर्ध्याजवळ पिपरी मेघ्यात असते. सासरची भाजीची वाडी आहे, वर्ध्याच्या बाजारात माल जातो. दोन लेकरं. बोलण्याला पुन्हा पूर्णविराम नाही. कधीमधी झोप उडते तेव्हा स्वतःच डॉक्टरकडे जाते, नवऱ्याला सांगून. तिचं पत्र येतं त्यात वांगी, मेथी, लेकरांचे दात आणि शेवटी, सगळ्याच्या खाली, एक शब्द असतो. कधी तो नसला तर मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने जातो. आजवर असं तीनदा झालं.

आणि आता हा पोळा, आणि आमच्या घरी सुषमा. जूनमध्ये निकाल आला तेव्हा मी बेरीज एकदाच केली. ती रडली, चिडली, इंग्रजीच्या मास्तरांना नावं ठेवली. मग ऑगस्टमध्ये थोडी गप्प झाली. परवा मला दिसलं की ती आपली जुनी पुस्तकं वेगळी काढून ठेवतेय. शेजारच्या काकू ओसरीवर आल्या आणि आवाज हलका करून बायकोला म्हणाल्या, “तिच्यासमोर नको बोलू.” तो हलका आवाज मी ओळखला.

आज रविवार. सकाळी पर्जन्यमापक पाहून आलो. सुषमा अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी चप्पल काढली, तिच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे आता दुखतात. एक मूठ शेंगा पुढे ओढल्या.

“सुशे, माह्याकडे पाह्य.”

तिने पाहिलं.

“मराचं मनात येते काय तुह्या?”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी मनात मोजत होतो. सहापर्यंत आलो असेन. मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, इतकी की सुपातले मूग अंगणभर सांडले.

“बाबा! बह्याड झाले काय तुमी? इंग्रजीत नापास झाली न मी, जगात नाई!”

“अन् पुस्तकं काऊन काढून ठेवली?”

“रद्दीवाला येनार हाय उद्या. जागा पाहिजे न बाप्पा!” मग तिचं हसू थांबलं. ती थोडी जवळ सरकली. “पन चांगलं वाटलं, इचारलं तर. मले रोज भेव वाटते ऑक्टोबरचं.”

“मंग सांग न.”

ती सांगायला लागली. एक तास सांगत होती. शेंगा संपल्या.

उठता उठता मी म्हणालो, “चुकलं माय. माफ कर.” तिला कळलं नाही मी कुणाचे शब्द बोलतोय. ती म्हणाली, “उद्या पुन्हा इचारसान काय?”

“हाव.”

“अन् परवा?”

“परवाही.”

सांडलेले मूग आम्ही दोघांनी वेचले. कचेरीची वही आज घरी नाही, आणि यासाठी त्यात रकानाही नाही. असता तर आजच्या तारखेपुढे मी सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं असतं: निरंक.